बऱ्हाणपूर लिहिता येतं, शिफ्ट दाबा

लग्नसराई आली की जळगावच्या डीटीपीवाल्यांमध्ये एक मेसेज हमखास फिरतो. यंदाही आला. म्हणणं असं: युनिकोड (जगभरच्या अक्षरांना संगणकात क्रमांक देणारा तक्ता) हिंदीसाठी बनलं, त्यात मराठीचा 'ळ' आणि 'ऱ्ह' नाही, फ्रेंचांच्या तिरकी रेघवाल्या 'ई'ला (é) स्वतंत्र जागा आणि आपल्या 'क्ष'ला नाही, मराठी अक्षर इंग्रजीच्या तिप्पट जागा खातं, तेव्हा पत्रिका जुन्या फाँटमध्येच करा. याच कामात बोटं झिजवली आहेत, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

'ळ' नाही म्हणणाऱ्याने कीबोर्ड नीट पाहिलेला नाही. इन्स्क्रिप्ट या भारतीय भाषांच्या कीबोर्ड मांडणीत 'एन'वर ल, शिफ्ट धरून 'एन' दाबला की ळ. बस. तक्रार करायचीच तर 'ॲ'ची करा. तो 2008 साली युनिकोडच्या 5.1 आवृत्तीत आला, तोवर 'ऍ'वर भागवावं लागे.

'ऱ्ह' मात्र खानदेशच्या घरचा प्रश्न. बऱ्हाणपूर, बऱ्हाटे, अहिराणीतलं 'काय करी ऱ्हायना?', कुठेही पाहा, तो आहेच. र, हलन्त, ह असं मारलं की रफार डोक्यावर चढतो, 'बर्हाणपूर' होतं आणि खापर युनिकोडवर फुटतं. शिफ्ट धरून 'जे' दाबा, म्हणजे खाली नुक्ता, म्हणजे टिंब, असलेला ऱ उमटेल. तो मुळात द्राविडी भाषांमधला उच्चार दाखवायला ठेवलेला. त्यापुढे 'डी'वरचा हलन्त आणि 'यू'वरचा ह दिला की नुक्ता नाहीसा होतो आणि पापणीसारखी ती आडवी रेघ येते. तीन कळा.

खरी खोच पुढे आहे. हाच 'ऱ्ह' साधा र, हलन्त, मग एक न दिसणारं जोडचिन्ह आणि ह टाकूनही काढता येतो. डोळ्याला दोन्ही सारखे, संगणकाला वेगळे. मागे पाहुण्यांच्या एका यादीत मी बऱ्हाणपूरची मंडळी शोधली तर निम्मीच सापडली. बाकीची दुसऱ्या रस्त्याने लिहिलेली होती. मेसेजवाल्याने यावर बोट ठेवलं असतं तर मीच तो पुढे पाठवला असता.

आता फ्रेंचांचे लाड. त्यांच्या रेघवाल्या 'ई'चा क्रमांक 233, कारण लॅटिन-1 या जुन्या पश्चिम युरोपी तक्त्यात तो तिथेच होता आणि युनिकोडने त्याचे 256 क्रमांक जसेच्या तसे उचलले. आपली देवनागरी 'इस्की' या भारतीय तक्त्यावरून आली. त्यात जोडाक्षरं सुटी नव्हतीच. 'क्ष' म्हणजे क, हलन्त, ष. आणि फ्रेंच 'ई' तरी कुठे एकसंध आहे? साधा ई आणि वर सुटी रेघ, असाही तो लिहिता येतो. फरक एवढाच की ती दोन रूपं एकच मानायचा नियम युनिकोडमध्ये आहे. आपल्या जोडचिन्हवाल्या 'ऱ्ह'च्या नशिबी तोही नाही.

तिप्पट जागेचं म्हणणं खरं आहे. यूटीएफ-8 या युनिकोड साठवायच्या नेहमीच्या पद्धतीत इंग्रजी अक्षर 1 बाइट, देवनागरीचं प्रत्येक चिन्ह 3. म्हणजे 2,000 चिन्हांची पत्रिका 6,000 बाइट. वरचं गणपतीचं चित्र त्याच्या कितीतरी पट असतं, त्याची कुरकुर कोणी करत नाही. एसएमएसला मात्र चटका बसतो, 160 अक्षरांचे 70 होतात. पण फ्रेंचांनीही टोपीवाला एक 'ई' (ê) टाकला की त्यांचा मेसेजही 70वर येतो.

राहिला जुना फाँट. कृतिदेव या तसल्याच फाँटमध्ये 'राम' लिहिलात तर फाइलमध्ये जातात जे, के, ई ही तीन इंग्रजी अक्षरं. राम फक्त फाँटच्या चित्रात. पेजमेकर या पानं लावायच्या जुन्या सॉफ्टवेअरला युनिकोड कळत नाही म्हणून आम्ही जुना फाँट वापरतो, असं सरळ म्हणा ना, ते पटेल. पण असे बरेच फाँट आपली चित्रं 128च्या वरच्या क्रमांकांवर बसवतात, म्हणजे नेमकी युरोपच्या रेघा-टोप्यांच्या जागेवर. धुळ्याच्या एका पार्टीला मी घाईत पत्रिकेचा मजकूर तसाच मोबाइलवर पाठवला होता. नवरीच्या नावाच्या जागी टोप्या, ठिपके आणि शेपट्यांची रांग. पाच मिनिटांत तिच्या मामांचा फोन: "भाऊ, हाई काय शे?"