गव्हर्नरनं शेवटची जोडी मारली, पण बदक त्याआधीच संपत आलं होतं

‘न्यूझीलंडच्या गव्हर्नरनं शिकारीच्या हौसेपायी बदकाची एक अख्खी प्रजाती संपवली. बिचाऱ्याला उडता येत नव्हतं, अंडी उंदरांनी फस्त केली,’ असा मजकूर अधूनमधून फिरत असतो. हे बदक म्हणजे ऑकलंड बेटांवरचा मर्गॅन्सर. ही बेटं न्यूझीलंडच्या दक्षिणेला सुमारे ४६५ किलोमीटरवर आहेत. ऑकलंड शहराशी त्यांचा संबंध नाही.

‘गव्हर्नरनं संपवली.’ ९ जानेवारी १९०२ला गव्हर्नर लॉर्ड रॅनफर्ली यांच्या दौऱ्यात एक जोडी मारली गेली, इथपर्यंत खरं. पण ती हौसेची शिकार नव्हती. नमुने ब्रिटिश म्युझियमसाठी हवे होते. शिवाय ही फक्त शेवटची पक्की नोंद आहे. तोवर घात होऊन गेला होता. व्हेल मारणाऱ्या जहाजाचा कप्तान अब्राहम ब्रिस्टोनं १८०७मध्ये मुख्य बेटावर डुकरं सोडली आणि पुढच्या काही दशकांत सील मारणाऱ्यांच्या जहाजांतून मांजरंही आली. हा पक्षी ओढ्यांत आणि खाड्यांच्या तोंडाशी राहायचा. करवतीसारख्या दात्यांच्या निमुळत्या चोचीनं मासे पकडायचा. असे ओढे बेटावर मोजकेच, त्यामुळे संख्या मुळातच कमी. अरुंद ओढ्याच्या दोन्ही काठांवर मांजर फिरायला लागली की पिलांना जायला जागाच उरत नाही. बदकांची उडायची पिसं एकाच वेळी गळतात, तेव्हा मोठे पक्षीही काही आठवडे जमिनीला खिळलेले असतात. त्यात संग्राहकांची भर. १८७२नंतरच्या तीस वर्षांत सुमारे दोन डझन नमुने गोळा झाले. एवढ्या छोट्या संख्येला हा मार बारीक नव्हे. बंदूक निर्दोष होती असं म्हणायचं नाही, पण सगळा दोष एका जोडीच्या माथी मारता येत नाही.

‘उडता येत नव्हतं.’ येत होतं. पंख आखूड होते, आणि पाठलाग झाला तर तो उडण्यापेक्षा खडकांत दडायचा. खरोखर न उडणारं बदक तिथलं दुसरंच, ऑकलंड टील. ते आजही आहे! मुख्य बेटावरून तेही गेलं, पण डुकरं-मांजरं नसलेल्या अॅडम्ससारख्या बेटांवर टिकलं. दोष पंखांचा असता तर आधी टील संपायला हवं होतं.

‘अंडी उंदरांनी खाल्ली.’ मुख्य बेटावर घरात सापडणारे छोटे उंदीर आहेत, पण मोठ्या घुशी-उंदरांनी तिथे कधी बस्तान बसवलंच नाही.

‘फक्त याच बेटांवर होतं.’ मर्गॅन्सरची हाडं न्यूझीलंडच्या मुख्य भूमीवरही सापडली आहेत. तिथे माणसं, कुत्री आणि पॉलिनेशियन उंदीर आल्यावर हे बदक नाहीसं झालं, युरोपीय जहाजांच्या कितीतरी आधी.

‘अजून कुठेतरी लपलेलं असेल.’ १९०९मध्ये शोधलं, मिळालं नाही. १९७२-७३मध्ये राहण्याजोग्या जागा कसून पालथ्या घातल्या, तेव्हाही नाही. मुख्य बेटावर डुकरं आणि मांजरं मात्र आहेतच.