कोरड्या पात्राचे काम

शाळेच्या भूगोलात उपनद्यांची नावे पाठ करून घेतात. नदीतून फुटून वेगळी वाहणारी वितरिका मात्र एका ओळीत आटोपते. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस मध्य प्रदेशातील संजय सरोवराचे पाणी वैनगंगेत आले, गोसीखुर्द धरणाचे ३३ दरवाजे उघडले गेले आणि ब्रह्मपुरी तालुक्यातील आमचे रोवणी झालेले धान बुडाले, तेव्हापासून ती एक ओळ माझ्या मनातून गेलेली नाही.

तिरुचिरापल्लीच्या वरच्या अंगाला मुक्कोंबू येथे कावेरी दुभंगते आणि दोन प्रवाहांच्या मध्ये श्रीरंगमचे बेट उरते. दक्षिणेचा प्रवाह कावेरी याच नावाने तंजावरकडच्या धानाला पाणी देत जातो. उत्तरेचा कोल्लिडम अधिक रुंद, अधिक उताराचा आणि सखल असल्याने पुराचे जादा पाणी त्यात सोडतात व ते समुद्राकडे निघून जाते. सखलपणामुळे तो एकेकाळी कावेरीचे नेहमीचे पाणीही ओढू लागला होता, म्हणून ब्रिटिश अभियंते आर्थर कॉटन यांनी १८३६ मध्ये तेथे बांध घातला. त्याच बांधाचे ९ दरवाजे २२ ऑगस्ट २०१८ रोजी पुरात वाहून गेले. अशा पात्राची निगा राखावीच लागते.

एरवी कोल्लिडममध्ये बहुतेक वाळूच दिसते. आपल्याकडे अशा जागेला पडीत म्हणून मोकळे झालो असतो, पण माझ्या मते ते रिकामे असणे हेच त्याचे काम आहे.

वितरिका बहुधा नदीच्या मुखाकडे फुटतात, त्यामुळे कोल्लिडम उचलून वैनगंगेवर आणता येणार नाही, हे मान्य. तरीही आमच्या नाल्याला एक जुना फाटा होता आणि तो बराच खाली जाऊन नदीला मिळत असे. नदी फुगून नाल्याचे तोंड दाबले गेले, की अडलेले पाणी त्या वाटेने निघून जाई. वर्षभर कोरडा, म्हणून दोन्हीकडच्या शेतांचे धुरे त्यात सरकत गेले (आमचाही सरकला, हे लपवण्यात अर्थ नाही), आणि २०२० मध्ये नाल्याचे पाणी मागे फिरून वस्तीत शिरले.

जुन्या नकाशाप्रमाणे फाट्याची मोजणी व्हावी, असा अर्ज मी दिला आहे. त्या रेषेत धानाची पहिली बांधी आमचीच येते, त्यामुळे बाबा सध्या माझ्याशी मोजकेच बोलतात.