"क्वारंटाइनने साथ थांबत नाही" म्हणणाऱ्या त्या मेसेजबद्दल

मावशीने फॅमिली ग्रुपवर तो मेसेज टाकला, खाली हात जोडलेले इमोजी आणि "सर्वांनी नीट वाचा". काकांची केमो चालू आहे, पांढऱ्या पेशी खाली गेल्यात, म्हणजे साधा संसर्गही झेपणार नाही, आणि मावशी आम्हाला वाचायला काय देतेय तर साथीत घरी बसणं हे थोतांड आहे. मेसेजवर "फॉरवर्डेड मेनी टाइम्स" लिहिलेलं आहे, म्हणजे तुमच्याकडेही आला असणार. नसेल आला तर थोडक्यात सांगतो: क्वारंटाइनने आजवर एकही साथ थांबलेली नाही, १४ दिवस, २१ दिवस हे आकडे मनाने ठरवलेले, धडधाकट लोकांना आजाऱ्यांबरोबर कोंडल्याने आजार उलट वाढतो, म्हणून पेशंटच्या संपर्कात आलात तरी कुणाला सांगू नका, ताप नाही ना, मग बिनधास्त फिरा, आणि शेवटी चंद्रावरून आलेल्यांनाही कोंडून ठेवलं होतं, त्यातून काय निघालं?

घेऊ एकेक.

"एकही साथ थांबलेली नाही." ठीक. १९१८चा इन्फ्लुएन्झा घ्या, जगभर कोट्यवधी माणसं मेली तो. पॅसिफिकमध्ये सामोआ नावाची बेटं आहेत, तेव्हा पश्चिमेकडची न्यूझीलंडच्या ताब्यात होती आणि पूर्वेकडची अमेरिकेच्या. लोक तेच, भाषा तीच, एकमेकांकडे सोयरिकी, मधे समुद्र शंभर किलोमीटरही नाही. न्यूझीलंडमधल्या ऑकलंडहून निघालेली 'तालुने' नावाची बोट ७ नोव्हेंबर १९१८ ला पश्चिम सामोआत आपिया बंदराला लागली, बोटीवर आजारी माणसं होती, तरी उतरू दिलं. पुढच्या साधारण दोन महिन्यांत तिथे सुमारे ८,५०० माणसं गेली. म्हणजे पाचातलं एक माणूस. घरंच्या घरं आडवी. आणि पूर्वेकडे? तिथला गव्हर्नर जॉन पोयर, नौदलातला माणूस, त्याने बातम्या वाचून आधीच येणाऱ्या बोटींवर क्वारंटाइन लावलं, आणि किनाऱ्यावर पहारा द्यायला तिथलेच सामोअन लोक उभे राहिले, पलीकडून होडीतून येणाऱ्यांना परत पाठवायला. तिथे या तापाने मेलेल्यांची संख्या शून्य. कमी वगैरे नाही, शून्य. पोयरने पलीकडे मदत देऊ केली होती, ती घेतली गेली नाही. २००२ मध्ये न्यूझीलंडच्या पंतप्रधान हेलन क्लार्क यांनी सामोआत जाऊन ज्या गोष्टींची माफी मागितली त्यात ही बोट होती.

यावर कुणीतरी म्हणणारच की बेट होतं म्हणून जमलं. अहो, पलीकडचंही बेटच होतं की!

आणि ज्यांना शंभर वर्षांपूर्वीचं नको त्यांच्यासाठी २००३चा सार्स, फुप्फुसांचा जीवघेणा साथीचा आजार. लस नव्हती, औषध नव्हतं. आजाऱ्यांना वेगळं ठेवणं, त्यांच्या संपर्कातल्यांना शोधून घरी बसवणं, हॉस्पिटलात काळजी घेणं, एवढ्यावर जुलै २००३ मध्ये साथ आटोक्यात आल्याचं जागतिक आरोग्य संघटनेने जाहीर केलं. जगभरात मिळून आठ हजारांच्या आसपास पेशंट, ७७४ मृत्यू. आता इथे प्रामाणिकपणे सांगायला हवं की सार्समध्ये माणूस चांगला आजारी पडल्यावरच जास्त पसरवायचा, म्हणून त्याला गाठणं जमलं. कोविडमध्ये लक्षणं दिसायच्या आधीच पसरतो, गोवरात पुरळ उठायच्या चार दिवस आधीपासून. अशा आजारात नुसत्या क्वारंटाइनने साथ संपत नाही, मान्य. पण वेग कमी होतो, आणि तेवढ्यात खाटा, लस, माणसं उभी करायला वेळ मिळतो. संपली नाही म्हणजे उपयोग शून्य, हे गणित मेसेजवाल्याने कुठून काढलं कोण जाणे.

आकड्यांचं फार बोलत नाही. १३७७ मध्ये रागुझा, म्हणजे आजचं क्रोएशियातलं दुब्रोव्हनिक, तिथे प्लेगसाठी बाहेरून येणाऱ्यांना ३० दिवस थांबवायचे, पुढे इतर बंदरांत ४० झाले, ते अंदाजाने होते, कारण जंतू म्हणजे काय हेच माहीत नव्हतं. आता तसं नाही. लागण झाल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत किती दिवस जातात हे मोजतात आणि त्यावरून ठरवतात. इबोला या जीवघेण्या तापाला जास्तीत जास्त २१ दिवस लागतात म्हणून २१. कोविडच्या सुरुवातीच्या अभ्यासात ज्यांना लक्षणं आली त्यातल्या ९७.५ टक्के लोकांना साडेअकरा दिवसांच्या आत आली, म्हणून १४. संपलं.

"कोंडल्याने आजार वाढतो" यात अर्धं खरं आहे, नाइलाजाने कबूल करतो. फेब्रुवारी २०२० मध्ये जपानला 'डायमंड प्रिन्सेस' जहाज अडकवलं, जवळपास ३,७०० माणसं, त्यातल्या सातशेच्या वर लोकांना लागण झाली. प्रवासी आपापल्या केबिनमध्ये, पण कर्मचारी दारोदार जेवण पोचवतायत, एकत्र जेवतायत, एका खोलीत दोघंदोघं झोपतायत. ते बिनसलेलं क्वारंटाइन होतं. तसंच पश्चिम आफ्रिकेतल्या लायबेरियात, ऑगस्ट २०१४, इबोलाच्या साथीत राजधानी मोनरोव्हियाच्या वेस्ट पॉइंट वस्तीला पोलीस आणि सैन्याने एका रात्रीत वेढा घातला, लोक चिडले, गोळीबार झाला, एक पोरगा गेला, आणि थोड्याच दिवसांत वेढा उठवावा लागला. लोकांना न विचारता, खायची सोय न करता कोंडलं तर हेच होणार. पण याचा अर्थ नीट करा असा होतो, करूच नका असा कसा होतो?

आता तो चौथा मुद्दा, ज्यासाठी मी हे सगळं टाइप करत बसलोय. "संपर्कात आलात तरी सांगू नका." बाकीचं अज्ञान म्हणून सोडून देता येईल, हे नाही येत.

जुलै २०१४ मध्ये लायबेरियाहून एक माणूस इबोला घेऊन विमानाने नायजेरियात लागोसला उतरला. आपण इबोलाच्या पेशंटच्या संपर्कात आलो होतो हे त्याने डॉक्टरांना सांगितलंच नाही. आधी मलेरिया समजून उपचार झाले. डॉ. अमेयो अदादेवो यांना शंका आली आणि त्यांनी त्याला डिस्चार्ज द्यायला नकार दिला, वरून दबाव आला तरी. त्यामुळे तो लागोससारख्या अफाट गर्दीच्या शहरात मोकळा फिरला नाही. पण तोपर्यंत हॉस्पिटलमधल्यांना लागण झालीच होती, ऑगस्टमध्ये खुद्द डॉ. अदादेवो गेल्या. मग यंत्रणेने संपर्कातली जवळजवळ ९०० माणसं शोधली, रोज त्यांच्या घरी जाऊन ताप मोजला, अशा सुमारे १८,५०० भेटी. शेवटी सगळ्या देशात मिळून २० पेशंट, ८ मृत्यू, आणि २० ऑक्टोबरला देश इबोलामुक्त जाहीर. त्याच वेळी शेजारच्या भागात हजारो मरत होते.

आणि या हिशोबात एक माणूस असा होता ज्याने या मेसेजचं तंतोतंत पालन केलं. संपर्कात आलेला, नजरेखाली ठेवलेला, पण निसटला आणि विमानाने नायजेरियातल्याच पोर्ट हारकोर्ट शहराला गेला. तिथे हॉटेलच्या खोलीत एका डॉक्टरकडून गुपचूप उपचार करून घेतले. तो वाचला. डॉक्टरला लागण झाली, तो काही दिवस पेशंट तपासत राहिला, मग मेला. त्याच्या बायकोला झाला, तो डॉक्टर ज्या हॉस्पिटलात दाखल होता तिथल्या आणखी एका पेशंटला झाला, आणि त्या शहरात पाचशेच्या वर माणसं नव्याने शोधून नजरेखाली ठेवावी लागली. एकाने तोंड बंद ठेवलं त्याचा हा खर्च.

"ताप नाही ना" वर काय बोलू. क्वारंटाइन असतंच मुळी ज्याला अजून ताप नाही त्याच्यासाठी. ताप असता तर त्याला पेशंट म्हटलं असतं.

राहिले चंद्रावरचे. चंद्रावरून एखादा जंतू येईल या भीतीने अपोलो ११ च्या तिघांना २१ दिवस वेगळं ठेवलं होतं हे खरं, काही निघालं नाही हेही खरं. खरं तर मेसेजवाल्याने जरा वाचलं असतं तर त्याला इथे बऱ्यापैकी मुद्दा सापडला असता, कारण यान समुद्रात उतरल्यावर दार उघडलं तेव्हाच आतली हवा बाहेर गेली होती, म्हणजे क्वारंटाइनला तिथेच भोक पडलेलं. पण नासाने अपोलो १४ पर्यंत ते पाळलं, आणलेली दगडमाती तपासली, त्यात जिवंत काही नाही अशी खात्री झाल्यावर अपोलो १५ पासून बंद केलं. आधी थांबून बघितलं, गरज नाही दिसली, सोडून दिलं. यात थोतांड कुठलं ते मावशीने मला दाखवावं.