बाभळीचं पिंप

परवाच्या भरीत पार्टीचा राग अजून उतरलेला नाही.

जानेवारीची रात्र, शिवारात कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजताहेत आणि पारा १२-१४ अंशांवर. बर्बन या अमेरिकन व्हिस्कीच्या पिंपात मुरवलेली, १२ टक्के अल्कोहोलची इम्पीरियल स्टाउट, म्हणजे काळी, जड बिअर, याच तापमानाला प्यायची. बर्फगार केली की नाकाला काही सापडत नाही, जिभेवर नुसता करपलेल्या मॉल्टचा (मोड आणून भाजलेल्या धान्याचा) कडूपणा उरतो. पेला पोटाला फुगीर, तोंडाला निमुळता हवा. त्यात शंभरेक मिली ओतून हलकेच फिरवायची, आधी वास, मग छोटा घोट. आमच्याकडे पेले प्लास्टिकचे होते. असो.

३३० मिलीची एकुलती एक बाटली. ओतली, नाक आत घातलं. व्हॅनिला, ओलं खोबरं... आणि आप्पा. यांना विचारल्याशिवाय गावात बोअरसुद्धा पडत नाही.

"हाई काय शे? काढा?"

"बिअर आहे आप्पा. लाकडी पिंपात वर्षभर मुरवलेली."

"लाकूडना पैसा लेतस? लाकूड त मना वावरम्हा बी शे. बाभूयनं पिंप नई चालत का?"

इथेच गप्प बसायला हवं होतं. पण मी सांगत सुटलो. पांढऱ्या ओकच्या लाकडातल्या बारीक नळ्या आपोआप बुजतात, म्हणून पिंप गळत नाही. ते आतून जाळून काळं करतात. व्हॅनिलाचा वास येतो लाकडातल्या लिग्निन या घटकातून, खोबऱ्याचा येतो ओकमधल्या लॅक्टोन या द्रव्यातून. पिंपात हवा जास्त शिरली तर बिअरचा व्हिनेगर होतो. शिवाय अमेरिकेत कायद्यानं बर्बनला दर खेपेला नवं पिंप लागतं, म्हणून एकदा वापरलेली दोनशे लिटरची पिंपं बिअरवाल्यांच्या वाट्याला येतात.

आप्पांनी शांतपणे ऐकून घेतलं. "म्हंजे दुसरानं वापरेल पिंप."

मग पेल्यात डोकावून, "फेस बी नई. शिळी शे." अहो, इतक्या अल्कोहोलात फेस टिकत नाही, पिंपातल्या बिअरला वायूही कमीच ठेवतात! पण आप्पा तोवर हिशेबाला लागले होते. आपली स्ट्राँग ८ टक्क्यांची, बाटली ६५० मिलीची, म्हणजे ५२ मिली खरा माल. तुझ्या बाटलीत जेमतेम ४०.

हिशेब बरोबर होता. तेच जास्त लागलं.

आपल्याकडे स्ट्राँग म्हणजे वास न घेता गटागट. मे महिन्यात ४५ अंशांना तेही मी समजू शकतो. पण जानेवारीत, शेकोटीशेजारी बसून, त्यांनी माझ्या पेल्यात बर्फाचे तीन खडे टाकले! वर हिरव्या मिरचीच्या भरिताचा घास घेऊन मोठा घोट मारला. तिखटावर एवढं अल्कोहोल म्हणजे आग दुप्पट. आप्पांचे डोळे भरून आले आणि मला, खोटं कशाला बोलू, बरं वाटलं.

ठसका थांबल्यावर त्यांनी रिकामी बाटली उजेडात धरून निरखली.

"बाटली मस्त शे भो. मले दे, रॉकेल ठेवाले."