खुर्ची सोडू नका साहेब, सीझन चालू आहे

साहेब, सगळ्यात आधी अभिनंदन. 2024 मध्ये अठ्ठावन्न पूर्ण झाले, रिटायरमेंटचा केक कापला, रडले, आम्हाला पण रडवलं, आणि सोमवारी सकाळी पावणेनऊला परत गाडी गेटवर. दोन वर्षांचं एक्स्टेन्शन. ते संपलं तर आता 'ॲडव्हायझर टू मॅनेजमेंट'. केबिन तीच, एसी तोच, पाटी पण तीच, तिच्यावर फक्त नवीन पदाचं स्टिकर लावलंय, जे पावसाळ्यात एका कोपऱ्यातून सुटतं आणि खालून 'प्लांट हेड' डोकावतं. ॲडमिनवाला दर आठवड्याला अंगठ्याने दाबून जातो.

आता काही रिकामटेकडे लोक सांगत फिरतात की मोठ्या पदावरच्या माणसाने वेळेत निघावं, म्हणजे मान राहतो वगैरे. ऐकू नका. मान गेटवर मिळतो, सिक्युरिटीवाला बॅरियर उचलून सॅल्यूट मारतो त्याला मान म्हणतात, घरी बसल्यावर कोण मारणार आहे, दूधवाला? ज्यांना नागपूरजवळच्या आपल्या बुटीबोरीत कोणी खुर्ची दिली नाही तेच असले सल्ले देतात. मी नाही देणार. मी तुम्हाला न निघण्याचे सल्ले देणार आहे, आणि नऊ वर्षं तुमचा डेप्युटी राहिलेल्या माणसापेक्षा ह्या विषयातला जाणकार तुम्हाला वर्धा रोडवर भेटणार नाही.

पहिली गोष्ट, सोमवारची मीटिंग. तुम्ही विचारता, "कोणाला काही इश्यू?" आणि बारा माणसं टेबलाकडे पाहतात. हे चांगलं लक्षण आहे. दहा वर्षांपूर्वी याच खोलीत मेंटेनन्सवाल्याने तुमच्याशी अर्धा तास भांडण केलं होतं आणि शेवटी त्याचंच बरोबर निघालं होतं, आठवतं? किती वेळ जायचा तेव्हा. आता पंधरा मिनिटांत मीटिंग खलास. खरी मीटिंग साडेअकराला गेटबाहेर पोह्याच्या ठेल्यावर होते, तर्री वेगळ्या वाटीत घेऊन, वरून सांबार, म्हणजे कोथिंबीर, मारून, आणि तिथे डिस्पॅच का अटकला, कोणत्या पार्टीने माल परत पाठवला, सगळं निघतं. पोहेवाल्याला प्लांटची हालत तुमच्या दोन दिवस आधी माहीत असते. पण तुम्ही हे मनावर घेऊ नका, लोक तुम्हाला टेन्शन देऊ इच्छित नाहीत, एवढाच त्याचा अर्थ काढा.

आणि ती चांगली पोरं सोडून गेली त्याचंही वाईट वाटून घेऊ नका. एक पुण्याला, एक बडोद्याला, क्वालिटीची मॅडम तर सरळ स्पर्धकाकडे. एक्झिट इंटरव्ह्यूत तिघांनीही 'वैयक्तिक कारण' लिहिलं, तुम्ही म्हणाले बघा, आजकालच्या पिढीत कमिटमेंट नाही. बरोबर आहे. ते वैयक्तिक कारण पाच फूट आठ इंच उंच आहे आणि केबिनमध्ये बसतं हे फॉर्ममध्ये लिहायला जागाच कुठे असते.

आता क्रिकेट. क्रिकेटशिवाय तुमचा विषय पूर्ण होत नाही आणि माझाही. दर वर्षी नवीन ट्रेनी आले की तुम्ही त्यांना 31 ऑक्टोबर 1987 ची गोष्ट सांगता. तुम्ही इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला, प्रॅक्टिकल बुडवलं आणि सिव्हिल लाइन्सच्या व्हीसीए ग्राउंडवर वर्ल्ड कपची मॅच पाहायला गेले, समोर न्यूझीलंड, चेतन शर्माची हॅटट्रिक, तिन्ही क्लीन बोल्ड, आणि मग गावसकर. अंगात ताप असलेला गावसकर. 88 बॉलमध्ये 103 नाबाद, वनडेमधली त्याची पहिली आणि एकुलती एक सेंच्युरी. हे सांगताना तुम्ही उठून उभे राहता, पेनाने स्ट्रेट ड्राइव्ह दाखवता, एकदा त्यात पाण्याचा ग्लास पडला होता आणि ट्रेनी पोरं त्यावरही टाळ्या वाजवत होती. गोष्ट तिथे संपते. पाच दिवसांनी वानखेडेवर सेमीफायनल झाली, गावसकरने 4 रन केले, इंग्लंडच्या डीफ्रेटसने दांडी उडवली आणि माणूस क्रिकेट सोडून घरी गेला, हा भाग तुम्ही सांगत नाही. बरोबरच आहे, ट्रेनी लोकांवर वाईट परिणाम व्हायचा. त्याच वर्षी मार्चमध्ये बंगलोरला त्याने शेवटची टेस्ट खेळली होती, फिरत्या विकेटवर 96, तीही पाकिस्तानसमोर. म्हणजे बघा, हातात एवढं असताना निघून गेला. वेडेपणाच म्हणायचा. तुमच्यासारखा असता तर 1992 चा वर्ल्ड कप पण खेळला असता, 'ॲडव्हायझर टू ओपनर' म्हणून.

बरं एक सोडा, दुसरा घ्या. तुमची गाडी रोज जामठ्याच्या स्टेडियमवरून जाते, तुम्ही तेव्हा फोनवर असता म्हणून दिसत नसेल. तिथली पहिलीच टेस्ट, नोव्हेंबर 2008, ऑस्ट्रेलिया. सौरव गांगुलीने सिरीज सुरू व्हायच्या आधीच सांगून टाकलं होतं की ही माझी शेवटची, नोटीस पिरियड व्यवस्थित दिला. पहिल्या डावात 85, दुसऱ्यात पहिल्याच बॉलला आउट, आणि मॅच संपता संपता धोनीने शेवटच्या काही ओव्हरसाठी कॅप्टनशिप त्याच्या हातात दिली. आता यातली चूक काय झाली ते नीट बघा, कारण तुम्हाला कामी येईल. गांगुलीने ती परत केली. हातात आलेली कॅप्टनशिप! तुम्ही असता तर प्रेझेंटेशनला जाऊन सांगितलं असतं की ट्रान्झिशन अजून पूर्ण झालेलं नाही, टीम अजून तयार नाही, दोन सिरीज मी बघतो.

टीम तयार नाही, हे तुमचं सगळ्यात मजबूत कारण आहे आणि ते जपा. टीम तयार होऊ नये यासाठी मेहनत लागते, ती तुम्ही घेतली आहे, हे मी स्वतः पाहिलंय. बॉयलरच्या लायसनची फाईल तुमच्याकडे, मोठ्या तीन सप्लायरचे फोन तुमच्याच मोबाईलवर, कॉस्टिंगच्या शीटचा पासवर्ड तुमच्या डोक्यात, आणि मला विचारलं तर "सांगतो ना, एकदा निवांत बसू." नऊ वर्षांत निवांत बसायला वेळ मिळाला नाही. तुम्हाला वाटेल हा खुर्चीसाठी जळून लिहून राहिला. हो, पायजे मला खुर्ची, खोटं कशाला बोलू, तुम्ही जर्मनीला गेले होते तेव्हा मी केबिनमध्ये बसून पाहिलं होतं, खुर्ची डावीकडे थोडी झुकते आणि एसी सरळ मानेवर येतो. तरी पण पायजे.

माझ्या मामाची काटोलकडे संत्र्याची बाग आहे. त्याला मी तुमचं सांगितलं तर तो म्हणे, "काऊन बे, तुमच्या साहेबाले तोडून नाही राहिले काय कोणी?" त्याचं म्हणणं असं की संत्रं वेळेवर तोडलं नाही तर झाडावर फुगत जातं, साल ढिली होते, बाहेरून भारी दिसतं, पण आतून रस कमी होत जातो, आणि मोठी भानगड म्हणजे जुनं फळ लटकून राहिलं की झाड पुढच्या बहाराले बरोबर फुटत नाही. पाणी तोडून ताण कधी द्यायचा, पाणी परत कधी सोडायचं, सगळं हिशोबाने. मामा आठवी पास आहे, त्याला कॉर्पोरेटमधलं काय कळणार, तुम्ही लक्ष देऊ नका.

कायद्याचं मात्र थोडं जपून. 2013 च्या कंपनी कायद्यात 196 नंबरचं एक कलम आहे, मॅनेजिंग डायरेक्टरला एका वेळी पाच वर्षांपेक्षा जास्त नेमता येत नाही आणि सत्तरी ओलांडली तर स्पेशल रिझोल्यूशन लागतं. इंडिपेंडंट डायरेक्टरला तर पाच-पाच वर्षांच्या दोन टर्म झाल्या की तीन वर्षं कंपनीशी संबंधच ठेवायचा नाही, म्हणजे दिवाळीला ड्रायफ्रूटचा डबा द्यायला येऊ की नको हाही प्रश्नच. ज्याने हे लिहिलं त्याच्या ऑफिसात नक्की कोणीतरी तुमच्यासारखं असणार. पण घाबरू नका, तुम्ही डायरेक्टर नाही, ॲडव्हायझर आहात, आणि ॲडव्हायझर किती वर्षं राहू शकतो ते मी बऱ्याच जणांना विचारलं, कोणी सांगत नाही.

मोठ्या लोकांची उदाहरणं तोंडपाठ असू द्या. नारायण मूर्ती ऑगस्ट 2011 मध्ये पासष्टीला इन्फोसिसमधून रिटायर झाले आणि जून 2013 मध्ये परत आले. हे वाक्य मीटिंगमध्ये वापरायचं, पण तिथेच थांबायचं. ते वर्षाला 1 रुपया पगारावर आले आणि पुढच्याच वर्षी बाहेरचा माणूस आणून निघाले, हे कोणी उकरून काढलं तर चहा मागवा. जेआरडी टाटांचंही तसंच, 1938 ते 1991 टाटा सन्सचे चेअरमन, त्रेपन्न वर्षं, तुमचं आवडतं वाक्य. फक्त ते बसले तेव्हा तिशीतले होते, म्हणजे कोणीतरी तिशीतल्या पोराच्या हातात अख्खं घराणं दिलं होतं, हा हिशोब आमच्या एका ट्रेनीने मोबाईलवर केला आणि हळूच मला दाखवला. त्याला मी म्हटलं बाबा, ठेव तो फोन खिशात.

घरचं कारण सगळ्यात नाजूक. मुलीच्या लग्नपत्रिकेवर नावाखाली 'सेवानिवृत्त' लिहायचं नाही, हे तुम्ही मला एकदा गाडीत, अजनीच्या सिग्नलला, अगदी हळू आवाजात सांगितलं होतं. तेव्हा मला तुमच्याबद्दल खरंच वाईट वाटलं, इथे गंमत नाही करत. लग्नात स्टेजजवळ उभं राहायचं, लोक हातात पाकीट देऊन विचारणार "सध्या काय करता?", आणि सांगायला काही नसायचं, ही भीती खोटी नाही. रविवारी संध्याकाळी तुमच्या पोटात गोळा येतो, पाच वर्षांपासून येतो, वहिनींनी आमच्या मिसेसला सांगितलं. डॉक्टर ॲसिडिटी म्हणतात. जायचं भ्यावही आणि न जायचं भ्यावही, दोन्हीची गोळी एकच. पण प्रॉब्लेम असा की मुलगी पुण्यात आहे, एकतीसची आहे, आणि तिने स्पष्ट सांगितलंय की मला लग्नच करायचं नाही. म्हणजे तुमचं एक्स्टेन्शन तहहयात.

आणि दोष तुमचा एकट्याचा नाही, गावाचाच गुण आहे. नागपूर 1956 पर्यंत जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी होतं, नोव्हेंबरच्या 1 तारखेला पद गेलं, सत्तर वर्षं होत आली, आणि अजून पानठेल्यावर कोणीही सांगतो, "आपण राजधानी होतो भाऊ!" 1953 च्या नागपूर करारामुळे दर डिसेंबरला सरकार इथे येतं, रस्ते रंगवले जातात, सरकारी गाड्या फिरतात, आणि अधिवेशन संपलं की सगळे मुंबईला पसार. आपण उपराजधानी. म्हणजे ॲडव्हायझर टू मॅनेजमेंटच झालं ना हो.

एक राहिलंच. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, मारबतीला, म्हणजे रोगराई हाकलायला नागपुरात पुतळ्यांची मिरवणूक निघते तेव्हा, कंपनीच्या ग्रुपवर शिफ्टमधल्या कोणीतरी टाकलं होतं, "खोकला, ताप, रोगराई, एक्स्टेन्शन घेऊन जा गे मारबत!" खाली पिवळ्या मारबतीचा फोटो, इतवारीतल्या गर्दीतला. दोन मिनिटं ग्रुपवर शांतता. मग तुमचा अंगठा आला, आणि खाली मेसेज, "आपली परंपरा जपली पाहिजे. शुभेच्छा." तुम्हाला काहीच कळलं नव्हतं का सगळं कळलं होतं, यावर ठेल्यावर आठवडाभर वाद चालला. मी म्हणतो कळलं होतं.

तुमच्या सत्काराची भेटवस्तू तयारच आहे, ती काळजी करू नका. लाकडी बेसवर नागपूरच्या झिरो माइलचा खांब आणि चार घोडे, चांदीचं पॉलिश, समोर पितळेची पट्टी. 2024 ला तारीख कोरून घेतली होती. मग एक्स्टेन्शन आलं, ॲडमिनवाला सीताबर्डीला जाऊन पट्टी बदलून आला. ती तारीखही गेली. परवा तिसऱ्यांदा गेला तर दुकानदाराने घोडे फडक्याने पुसले, पट्टी कोरीच बसवली आणि म्हणाला, "भाऊ, तारीख नको टाकू. स्क्रू ढिले ठेवून देतो."