नीट बघ, तिथेच असेल

आमच्या प्रोग्रामचं डेटाबेसशी असलेलं कनेक्शन रोज जेवणाच्या सुट्टीत मरायचं. आम्ही डबा संपवून, वर बडीशेप चघळत परत येईपर्यंत मधल्या फायरवॉलने (नेटवर्कच्या राखणदाराने) 'इकडून बराच वेळ आवाज नाही, म्हणजे गेलेच' असं ठरवून कनेक्शन कापलेलं असायचं. यावरचा इलाज जुना आहे. अधूनमधून एक रिकामं पॅकेट पाठवून 'आहे बरं का मी' असं कळवत राहायचं. लिनक्सला (माझ्या मशीनच्या ऑपरेटिंग सिस्टिमला) ही सोय चालू कर म्हटलं की ते करतंही, पण पहिली हाक मारण्याआधी ७,२०० सेकंद, म्हणजे चांगले दोन तास, वाट बघतं. तेवढ्यात फायरवॉल तेरावंसुद्धा उरकून घेतो. म्हणून पायथॉन भाषेच्या सॉकेट लायब्ररीतला (सॉकेट म्हणजे कनेक्शनचं टोक) टीसीपी_कीपआयडल हा कॉन्स्टंट, म्हणजे एका ठरावीक आकड्याला दिलेलं नाव, वापरायचा, दोन तासांच्या जागी ६० सेकंद सांगायचे, की झालं.

माझ्या लिनक्सवर झालंही. शेजारच्या सहकाऱ्याच्या मॅकवर मात्र लाल अक्षरांत उत्तर आलं: सॉकेट मॉड्यूलमध्ये टीसीपी_कीपआयडल नावाचं काही नाही.

"माझ्याकडे चालतंय," मी म्हणालो. आमच्या धंद्यात याला सांत्वन म्हणतात.

मग नेहमीचे विधी सुरू झाले. स्पेलिंग तपासलं. पायथॉन काढून पुन्हा टाकला. टीम लीडनी जाता जाता "रीस्टार्ट केलंस का रे?" असं विचारून आपलं योगदान नोंदवलं. गंमत म्हणजे याच कामाचे आणखी दोन कॉन्स्टंट, टीसीपी_कीपइंटव्हल आणि टीसीपी_कीपकाउंट, मॅकवर व्यवस्थित हजर होते. धाकटी दोघं पंगतीला येऊन बसलेली आणि थोरल्याचा पत्ता नाही, असा प्रकार.

तेवढ्यात आईचा फोन आला. माझा आवाज ऐकून तिने विचारलं, "काय झालं रे?"

"काही नाही गं, एक गोष्ट सापडत नाहीये."

"नीट बघ. तिथेच असेल. तुम्हाला डोळ्यांसमोरचं दिसत नाही."

आता, आईला सॉकेट म्हणजे मिक्सर लावायचं एवढंच माहीत. पण तिचं निदान अचूक होतं. पायथॉन हे कॉन्स्टंट स्वतः घडवत नाही. त्याची सॉकेट लायब्ररी खाली सी भाषेत लिहिलेली आहे, आणि ती कंपाइल होताना (मशीनच्या भाषेत उतरताना) त्या त्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या हेडर फाइलमध्ये, म्हणजे नावं आणि त्यांचे आकडे लिहिलेल्या यादीत, डोकावते. नाव सापडलं तर पुढे देते; नाही सापडलं तर गुपचूप वगळते. मॅकच्या हेडरमध्ये सोय होती, फक्त नाव वेगळं: टीसीपी_कीपअलाइव्ह, किंमत १६. आणि आमचा पायथॉन होता ३.९, हे मॅकचं नाव पायथॉनने घेतलं ते ३.१० पासून, म्हणजे २०२१ च्या ऑक्टोबरात. अपग्रेड करू या म्हटलं तर टीम लीडनी 'पुढच्या क्वार्टरला बघू' म्हणून सांगितलं. कुठला क्वार्टर ते विचारायचं नसतं.

"नाव नाही ना? मग आकडाच टाकू की," सहकारी म्हणाला. "लिनक्सवर ४ आहे." आणि त्याने ४ टाकलाही. लाल अक्षरं गेली. सगळं हिरवंगार.

मला अशा हिरवळीची फार भीती वाटते. हेडर उघडून बघितलं, तर मॅकवर त्याच जागी ४ म्हणजे टीसीपी_नोपुश: पॅकेट भरेपर्यंत शेवटचा तुकडा पुढे ढकलू नकोस. म्हणजे आम्ही म्हणत होतो 'दर मिनिटाला आवाज दे', आणि मॅकने ऐकलं 'तोंड आवरून बस'. तेही तक्रार न करता, आज्ञाधारकपणे!

एररचे आकडे तर याहून बेरकी. लिनक्सवर ११ म्हणजे 'आत्ता नाही, थोड्या वेळाने ये' आणि ३५ म्हणजे 'डेडलॉक होईल'. मॅकवर बरोब्बर उलटं. कुणी कोडमध्ये नुसता ११ लिहून ठेवला असेल, तर 'थोड्या वेळाने या' आणि 'सगळं ठप्प आहे' यांतला फरकच कळायचा नाही. (सरकारी कचेरीत तो तसाही कळत नाही, पण ते असो.) गैरहजर कॉन्स्टंट निदान तोंडावर सांगतो की मी नाही. त्याच्यावर मी वैतागलो असेन, पण राग खरा त्या ४ चा आला.

शेवटी रीतसर शिडी बांधली: लिनक्सचं नाव आहे का बघ, नसेल तर मॅकचं, तेही नसेल आणि मशीन खरोखर मॅकच असेल, तरच १६. वर कॉमेंटमध्ये कारण लिहिलं, कारण पुढच्या वर्षी कुणीतरी हुशार माणूस येऊन हे 'स्वच्छ' करणार, याची मला खात्री आहे.

मग कोड क्लायंटच्या विंडोज मशीनवर गेला. तिथे पायथॉन ३.७ पासून टीसीपी_कीपआयडल आहे, त्यामुळे शिडीची पहिलीच पायरी लागली. आम्ही चहाला उठलो, आणि पुढच्याच ओळीवर लाल अक्षरं: सिग्नल मॉड्यूलमध्ये सिगअलार्म (वेळ संपली की प्रोग्रामला मिळणारा इशारा) नावाचं काही नाही.

नवीन आलेल्या मुलीने वही उघडली. "सर, हा विंडोजवर कुठल्या नावाने असतो?"

"कुठल्याच नाही."