पंचगंगा ‘आपोआप’ साफ होते म्हणणाऱ्या मेसेजबद्दल

परत तोच मेसेज फिरायला लागलाय. सारांश असा की कोल्हापूरच्या पंचगंगा नदीच्या प्रदूषणाची उगाच बोंब चाललीय, वाहतं पाणी चार-पाच किलोमीटरमधे आपोआप शुद्ध होतं, उरलंसुरलं महापुरात धुऊन जातं, जी काय घाण आहे ती फक्त इचलकरंजीच्या प्रोसेसवाल्यांची, म्हणजे कापड धुऊन रंगवणाऱ्या कारखान्यांची, आणि पाणी नितळ दिसत असेल तर उकळून बिनधास्त प्या. खाली ‘जनहितार्थ’ पण लिहिलंय. एकेक मुद्दा बघू.

१) “वाहतं पाणी आपोआप शुद्ध होतं”

अर्धं खरं आहे, म्हणून तर पटतं. पाण्यातले जीवाणू घाण खातात, पण त्यांना त्यासाठी पाण्यातलाच ऑक्सिजन लागतो आणि 25 अंश तापमानाला लिटरभर पाण्यात तो जेमतेम 8 मिलिग्रॅम मावतो. गटाराच्या पाण्याची बीओडी, म्हणजे त्यातली घाण कुजताना जेवढा ऑक्सिजन खाते तो आकडा, लिटरला 200 मिलिग्रॅमच्या आसपास असतो. म्हणजे एक लिटर गटाराचं पाणी 25 लिटर चांगल्या पाण्यातला सगळा ऑक्सिजन संपवू शकतं. डिस्टिलरीचं स्पेंटवॉश, ज्याला आपल्याकडं मळीचं पाणी म्हणतात, त्याची बीओडी तर 40,000 च्या पुढं जाते, तिथं हाच हिशोब लिटरमागं 5,000 लिटर नदी असा होतो. हवेतनं ऑक्सिजन परत विरघळतो हे मान्य, पण त्याला वेळ लागतो आणि पाणी खळाळतं लागतं.

आणि पंचगंगा खळाळते कुठं? राजाराम, सुर्वे, रुई, इचलकरंजी, तेरवाड, शिरोळ, बंधाऱ्यामागं बंधारा. पावसाळा संपला की बरगे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, घालतात आणि नदीची तळी होतात एकामागं एक. वर केंदाळाचा, म्हणजे जलपर्णीचा गालिचा, त्यामुळं ऊन आत जात नाही, खाली गाळ कुजत बसलेला. मग कधीतरी बरगे काढले की ते साठलेलं काळं पाणी एकदम खाली सुटतं, आणि तेरवाडजवळ मेलेल्या माशांचा खच पडल्याचे फोटो पेपरात येतात. मासे पहाटे पाण्याच्या वर तोंड काढून गपागप करत असतात ते पण याच्यामुळंच, रात्री शेवाळ ऑक्सिजन तयार करत नाही, उलट खातं. चार-पाच किलोमीटरचा नियम कुणी काढला देव जाणे.

२) “महापूर सगळं धुऊन नेतो”

नेतो की, पण कुठं नेतो? नरसोबावाडीला कृष्णेत आणि तिथनं पुढं कर्नाटकात. 2019 आणि 2021 ला शिरोळ तालुक्यात ज्यांच्या घरात पाणी शिरलं त्यांना विचारा त्यातनं काय काय आलं ते. पूर ओसरतो, बरगे परत घालतात, नाले तर बाराही महिने चालूच.

३) “फक्त प्रोसेसवाले दोषी”

प्रोसेसवाल्यांना मी सोडत नाही. सुताला लावलेली खळ प्रोसेसमधे धुतली जाते, तिची बीओडी भरपूर, शिवाय रंग आणि मीठ, आणि मीठ तर कुठलाच जीवाणू खात नाही. पण कोल्हापूरचं काय? शहर वर्षानुवर्षं शिंगणापूर, बालिंग्याला पाणी उचलत आलंय, आणि साधा नियम आहे की नळाला आलेल्या पाण्यातलं साधारण 80 टक्के सांडपाणी होऊन परत बाहेर पडतं. जयंती नाला, दुधाळी नाला कुणाचा आहे? आपल्याच बाथरूमचा. वरनं उसाला टाकलेल्या युरियातला नायट्रोजन पाटातनं नदीत येतो, केंदाळाला आयतं खत. एक साखर कारखाना किंवा एक प्रोसेस दाखवून गाव मोकळं होतं, हीच तर सोय आहे या मेसेजची. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 2018 च्या यादीत देशातले 351 प्रदूषित नदीपट्टे होते, त्यातले 53 एकट्या महाराष्ट्रात, आणि पंचगंगा त्यात आहे. तेवढ्या सगळ्या पट्ट्यांवर काय इचलकरंजीचे प्रोसेस आहेत काय?

४) “नितळ पाणी उकळून प्या”

हा मुद्दा सगळ्यात धोकादायक. 2012 ला इचलकरंजीत काविळीची साथ आली, हजारो लोक आजारी पडले, माणसं गेली. ती हेपेटायटिस ई ची, मैल्यातनं पाण्यात येणाऱ्या विषाणूची, आणि तो डोळ्याला दिसत नाही. उकळल्यावर विषाणू मरतो, तेवढं बरोबर. पण नायट्रेट, क्षार, धातू मरत नसतात, उलट पाणी आटेल तसे दाट होतात.

५) मेसेजखाली एकानं लिहिलंय, “राधानगरी धरणातनं पाणी सोडा, प्रश्न मिटला.”

पाणी सोडलं की काळं पाणी पुढच्या बंधाऱ्यात जातं, एवढंच. घाण किलोनं मोजली तर तेवढीच राहते, फक्त पातळ होते, आणि उन्हाळ्यात धरणातलं तेच पाणी पिकाला आणि प्यायला पण पाहिजे असतं. नाल्याच्या तोंडावर एसटीपी, म्हणजे सांडपाणी शुद्ध करायचं केंद्र, पूर्ण क्षमतेनं चालतंय का, लाईट गेल्यावर पंप बंद पडून सांडपाणी थेट नदीत जातंय का, प्रोसेसचं पाणी सीईटीपीपर्यंत, म्हणजे कारखान्यांच्या सामायिक शुद्धीकरण केंद्रापर्यंत पोचतंय का, हे विचारायला मात्र कुणी मेसेज फॉरवर्ड करत नाही.